दृष्टिरेषा (वास्तुरचना)

पाहणाऱ्याचा डोळा आणि पाहायची वस्तू यांच्यामधली विनाअडथळा रेषा म्हणजे दृष्टिरेषा. देऊळ, चर्च, नाट्यगृह किंवा रस्ता आखताना ती खांब-भिंतींइतक्याच काळजीने ठरवावी लागते. भिंत पाडली तर गावभर चर्चा होते. दृष्टिरेषा मात्र एक पत्र्याची शेड आडवी आली तरी मुकाट्याने नाहीशी होते.

गोव्यातल्या देवळांत ती फार विचारपूर्वक सांभाळलेली दिसते. सभामंडप, चौक आणि गर्भकूड (गर्भगृह) यांची दारे सहसा एका अक्षावर असतात आणि खांबांच्या दोन ओळींमधली वाट मोकळी ठेवलेली असते. आत जावे तसा दिवसाचा उजेड कमी होतो, समयांचा वाढतो, आणि नजर आपोआप मूर्तीवर स्थिरावते. आरतीच्या वेळी भाविकही मधली वाट सोडून दुतर्फा उभे राहतात. मागच्याला दर्शन घडावे, ही त्यामागची जाण मोलाची आहे. उत्सवाचा मांडव घालतानाही ती राहायला हवी.

जुन्या गोव्यात दोन तऱ्हा शेजारी-शेजारी पाहता येतात. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बासिलिकेत प्रार्थनादालन एकसंध आहे. मधे खांबांच्या ओळी नाहीत, त्यामुळे सोनेरी मुख्य वेदी दारापासूनच पूर्ण दिसते. सी कॅथेड्रलमध्ये मात्र बाजूच्या दालनांतून पाहताना खांब आड येतात.

नाट्यगृहात हिशेब सेंटिमीटरचा असतो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून टाळूपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरतात. मागच्याची नजर तेवढी वरून जावी, नटाची पावलेही दिसावीत, म्हणून मागे जावे तसा रांगांचा चढ वाढवतात. खुर्च्या एकाआड एक मांडल्या तर कमी चढ पुरतो. चार्ल्स कोरिया यांनी पणजीत कांपाल येथे कला अकादमी उभारताना नाट्यगृहाबाहेरचाही विचार केला: तळमजल्याचा दर्शनी भाग खुला ठेवून रस्ता आणि मांडवी नदी एकमेकांना जोडली.

शहराच्या पातळीवर यासाठी कायदा लागतो. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसत राहावा म्हणून १९३०च्या दशकापासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. पणजीचे टेकडीवरचे पांढरे चर्च आणि त्याचा नागमोडी जिना यांनाही असे संरक्षण मिळायला हवे.

रस्त्यावर हीच रेषा जिवाशी निगडित आहे. तिठ्यावर दोन्ही वाहनचालकांना एकमेकांची वाहने वेळेत दिसावीत म्हणून कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा मोकळा ठेवतात. गोव्याच्या अरुंद गावरस्त्यांवर चिऱ्यांचे उंच कुंपण थेट वळणापर्यंत आले की तो तुकडा बुजतो. मग तिथे बहिर्गोल आरसा लावतात. पण पावसात आरसा धूसर होतो, म्हणून कोपऱ्यावरचे कुंपण कमरेइतके उतरवणे हाच खात्रीचा इलाज.