घराकडे चालत निघालेला साप

'घरी जाताना मला साप दिसला.' घरी कोण जात होतं, हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही. आता हेच इंग्रजीत नेऊ: 'वॉकिंग होम, अ स्नेक अपिअर्ड बिफोर मी.' इथे मात्र काटेकोर वाचकाच्या डोळ्यांपुढे सापच घराकडे चालू लागतो. पाय नसताना.

गोची 'वॉकिंग होम'मध्ये आहे. त्यात क्रिया आहे, कर्ता नाही. अशी 'पार्टिसिपल फ्रेज' वाक्याच्या तोंडाशी आली की पुढच्या मुख्य वाक्याचा कर्ता ती उसना घेते. म्हणून 'वॉकिंग होम, आय सॉ अ स्नेक' बिनधोक. 'बिटन बाय अ डॉग, ही रॅन' इथेही कर्ता तसाच उसना, फक्त हा 'ही' चावणारा नव्हे, चावा सोसणारा. नामाला चिकटून आली तर हीच फ्रेज विशेषण होते: 'द मॅन सिटिंग देअर', तिथे बसलेला माणूस. (गंमत बघा, इंग्रजी 'बसणारा' धरते, आपण 'बसलेला'.) अर्धं क्रियापद, अर्धं विशेषण. 'पार्टिसिपल'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'वाटेकरी'.

एका कर्त्याचा हा आग्रह आपल्याला परका नाही. पाणिनीचं सूत्रच आहे: 'समानकर्तृकयोः पूर्वकाले'. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल, तर आधी घडणाऱ्या क्रियेला 'क्त्वा' लावा: गत्वा, कृत्वा. मराठीत त्या जागी 'जाऊन', 'करून'. हे 'ऊन' आलं महाराष्ट्री प्राकृतातल्या 'ऊण'मधून.

पण मराठीने पुढे नियम बराच सैल केला. 'पाऊस पडून रस्ते ओले झाले' यात पडणारा वेगळा, ओले होणारे वेगळे, तरी कानाला खटकत नाही. 'ताना' तर त्याहून मोकळं. 'मला साप दिसला' यात व्याकरणाने कर्ता साप, अनुभव घेणारा मी. आणि 'जाताना' बेधडक त्या 'मला'शी जोडलं जातं. इंग्रजी लिहिताना आपला साप चालू लागतो तो या सवयीने, असं मला वाटतं. अर्थात, अशी वाक्यं खुद्द इंग्रजांच्याही हातून सुटतात.

इंग्रजीही सगळीकडे सोवळी नाही. 'कन्सिडरिंग द वेदर, द मॅच वॉज गुड' यात मॅच काही हवामानाचा विचार करत नव्हती, तरी कुणी हसत नाही. वापरून वापरून 'कन्सिडरिंग'मधली क्रियाच झिजली आहे. आपणही म्हणतोच की, 'एकंदरीत पाहता सामना बरा झाला.' पाहणारा कोण, कुणी विचारतं का?