मुठीसाठी नळी मागवताना एकच आकडा सांगू नका

नाटकासाठी, वेशभूषेसाठी किंवा निव्वळ हौसेनं तलवारीची, विशेषतः 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्यासारख्या उजेडाच्या तलवारीची, मूठ घरी बनवणारे आमच्याकडून नळ्या, कड्या आणि बुश (नळीच्या आत बसणाऱ्या जाड कड्या) कापून नेतात. यातल्या बहुतेकांचा हात चांगला असतो, डिझाइनही आधीच कागदावर पक्कं केलेलं असतं. तरी माल हातात पडल्यावर एक तक्रार नेमानं येते : "आतली नळी बाहेरच्या नळीत जातच नाही." हे पत्रक मुख्यतः त्या एका तक्रारीसाठी लिहिलं आहे. बाकीचं जे आहे ते त्याच्या ओघानं.

नळीचं माप म्हणजे तिचा बाहेरचा व्यास. 38 मिमीची नळी बाहेरून 38 असते. आत किती जागा उरते ते जाडीवर ठरतं, आणि जाडी दोन्ही बाजूंनी वजा करायची असते. 38 ची नळी 2 मिमी जाडीची असेल तर आत 34 उरतात, 3 मिमी जाडीची असेल तर 32. दोन्हींना सगळे "38 ची" च म्हणतात. तुम्ही जाडी सांगितली नाही, तर तुमच्या मनात एक नळी असते आणि आमच्या करवतीखाली दुसरी.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आत 34 मिमी जागा आहे, म्हणून 34 मिमीची नळी मागवली जाते. कागदावर हिशेब बरोबर दिसतो, पण 34 च्या भोकात 34 ची नळी हातानं जात नाही. कोणतीही नळी पूर्ण गोल नसते; आडवी मोजली तर एक आकडा येतो, उभी मोजली तर किंचित वेगळा. वेल्ड करून बनवलेल्या नळीच्या आत लांबीभर वेल्डची शिवण असते आणि ती थोडी उंच राहिलेली असते. कापलेल्या तोंडाला बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली खरखरीत कड, असते. हे सगळं त्या भोकातूनच वजा होतं. म्हणून एकात एक सरकणाऱ्या नळ्यांमध्ये व्यासावर 0.2 ते 0.3 मिमी फरक ठेवावा लागतो, आणि आम्ही तो ठेवतोच.

यावर उलट तक्रारही येते की नळी ढिली लागते. कोरड्या नळ्या हातात धरून हलवल्या तर हा खेळ जाणवतो, हे खरं. पण ही मूठ शेवटी इपॉक्सीनं चिकटणार असते किंवा ग्रब स्क्रूनं (डोकं नसलेल्या स्क्रूनं) आवळली जाणार असते. इपॉक्सीला पसरायला जागा लागते. अगदी घट्ट बसणाऱ्या सांध्यात ते आत शिरत नाही, तोंडाशीच खरवडून निघतं. स्क्रू आवळला की आतली नळी एका बाजूला टेकते आणि हलणं थांबतं. आम्ही फट मुद्दाम ठेवतो ती यासाठी. अगदी घट्ट फिट करायला आम्हाला काही अडचण नाही, पण तशी मूठ तुम्हाला दुरुस्तीसाठी पुन्हा उघडता येणार नाही.

कृपया हातोडी वापरू नका. विशेषतः अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासत गेलं तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात आणि अर्ध्यात अडकलेली नळी ना पुढे जाते ना मागे येते. असे तुकडे आमच्याकडे येतात तेव्हा बाहेरची नळी चिरून काढण्यापलीकडे आम्हाला काही करता येत नाही. बाहेरची नळी तापवून बघायचा सल्लाही काही जण देतात. अ‍ॅल्युमिनियमची 38 मिमीची नळी 100 अंशांनी तापवली तर तिचा व्यास जेमतेम 0.09 मिमी वाढतो. माप 0.3 नं चुकलेलं असेल तर तेवढ्यानं काही होत नाही.

पाइप आणि नळी

दुसरा घोळ घरातला तुकडा मोजून किंवा नुसत्या अंदाजानं "एक इंची" मागवण्यात होतो. पाण्याच्या पाइपचं एक इंच हे नावाचं माप आहे. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून साधारण 33.7 मिमी भरतो, तर एक इंची नळी बाहेरून बरोबर 25.4. दोन्हींत आठ मिलिमीटरांहून जास्त फरक आहे. तुमच्या हातात काय आहे याची खात्री नसेल तर इंच सांगूच नका, व्हर्निअर (बारीक मापाचं जबड्यांचं मोजयंत्र) लावून मिलिमीटर सांगा. एकाच निरोपात इंच, सूत (इंचाचा आठवा भाग) आणि मिलिमीटर मिसळले असतील तर आम्ही काम थांबवून फोन करतो. त्यात एक दिवस जातो, पण नळी वाया जाण्यापेक्षा तो दिवस गेलेला परवडतो.

मोजताना तोंडाची बर आधी कानशीनं काढा, नाहीतर व्हर्निअर बरच मोजतं. एकाच ठिकाणी दोनदा मोजा, दुसऱ्या वेळी नळी 90 अंशात फिरवून. बाहेरच्या व्यासासाठी यातला मोठा आकडा धरा, आतल्या व्यासासाठी लहान. मोजपट्टी किंवा टेपनं घेतलेलं माप या कामाला चालत नाही. व्हर्निअर नसेल तर नळीला कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून परीघ काढा आणि 3.1416 नं भागा. बाहेरचा व्यास बराच जवळचा मिळतो. आतल्या व्यासाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

38 मिमीच का

या मापाची मागणी आमच्याकडे फार असते आणि त्याला कारण आहे. 1977 साली पडद्यावर आलेल्या उजेडाच्या तलवारीची सगळ्यात ओळखीची मूठ ही मुळात ग्राफ्लेक्स या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशची बॅटरी ठेवायची नळी होती. तिच्यात डी आकाराचे मोठे सेल बसत. असा सेल 33–34 मिमी जाड असतो, त्यामुळे नळीही साधारण दीड इंचाची. हातात भरायलाही हे माप चांगलं आहे. लहान हातांसाठी, शाळेच्या नाटकासाठी वगैरे, 32 ची नळी सुचवू. 38 वर चामड्याची पट्टी किंवा रबर चढवलं की ती मूठ मुलांच्या पंजात मावत नाही.

आता एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा सोपा मार्ग. 0.058 इंच, म्हणजे सुमारे 1.47 मिमी जाडीच्या नळ्या एकेका सुताच्या फरकानं घेतल्या तर त्या आपोआप एकात एक सरकतात. दीड इंची नळीच्या आत 35.15 मिमी जागा उरते, आणि तिच्याहून एका सुतानं लहान नळी बाहेरून 34.93 भरते. फट 0.22 मिमी, हवी तेवढीच. आमचा "जोडनळी संच" याच हिशेबावर बनवलेला आहे : तीन नळ्या, तोंडं सरळ केलेली, बर काढलेली, एकमेकींत घालून तपासलेल्या. पहिल्यांदाच मूठ करत असाल तर संचापासून सुरुवात करा असं आम्ही मनापासून सांगू. सुट्या नळ्या स्वस्त पडतात हे खरं आहे. पण एक जरी चुकीची आली तर दोन वेळचा पाठवणीचा खर्च धरून हिशेब बघा.

तुमच्या डिझाइनला दुसरीच मापं हवी असतील, तर आतली नळी लेथवर 0.3 मिमीनं उतरवून देतो. त्यासाठी तिची जाडी निदान 2 मिमी हवी. पातळ नळी लेथच्या चकमध्ये, म्हणजे धरणाऱ्या जबड्यांत, दाबली जाते आणि तीनकोनी होऊन बाहेर येते.

रंग चढवणार असाल तर आधी सांगा

हा मुद्दा फिटिंगच्या तक्रारीचाच भाऊ आहे. नळ्या आमच्याकडून नेल्या तेव्हा छान सरकत होत्या, पावडर कोटिंग करून आणल्यावर जात नाहीत. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉन असतो. तो व्यासाच्या दोन्ही बाजूंना चढतो, म्हणजे बाहेरचा व्यास 0.12 ते 0.2 मिमीनं वाढतो. बाहेरच्या नळीच्या आतही थोडं कोटिंग गेलं तर आम्ही ठेवलेली फट तिथेच संपली. अ‍ॅनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेनं अ‍ॅल्युमिनियमवर तयार केलेला) थर बराच पातळ असतो आणि त्यातला सुमारे निम्माच बाहेरच्या बाजूला वाढतो, त्यामुळे ते चालतं. पावडर कोटिंगच हवं असेल तर जे भाग एकमेकांत सरकतात ते झाकून घ्या, किंवा आम्हाला मागणीतच सांगा, आम्ही तेवढं जास्त उतरवून देऊ. अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम करून आणायचा विचार असेल तर थांबा. त्याला वेगळी तयारी लागते आणि ती नीट झाली नाही तर थर सोलून निघतो. चकाकी हवी असेल तर पितळेवर क्रोम, नाहीतर स्टेनलेस स्टीलला पॉलिश.

धातू निवडताना वजन बघा. 38 मिमीची, 2 मिमी जाडीची, 280 मिमी लांब नळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर 170 ग्रॅमच्या आसपास भरते. तीच स्टेनलेसची 500 ग्रॅमच्या वर जाते, पितळेची त्याहून थोडी अधिक. यात अजून पातं, सेल, बुश काहीच नाही. कपाटात मांडायला पितळ देखणं. मंचावर फिरवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. तालमीला पहिल्याच दिवशी मनगट सांगेल.

घरी कापणार, भोकं पाडणार असाल तर

हॅकसॉला बारीक दातांचं, 32 टीपीआयचं (इंचाला 32 दात) पातं लावा. पातळ भिंतीवर जाड दातांचं पातं अडकतं आणि दात तुटतात. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, तिच्या कडेनं रेघ मारा आणि थोडं थोडं कापत नळी फिरवत जा. चाकाचा पाइप कटर सोपा आणि सरळ कापतो, पण तो धातू आतल्या बाजूला ढकलतो. कटरनं कापलेल्या नळीचं तोंड आतून आखडलेलं असतं, आणि "जात नाही" म्हणून आलेल्या कित्येक नळ्यांचा दोष तेवढाच असतो. रिमरनं किंवा अर्धगोल कानशीनं आतली कड उतरवली की नळी सरकते. फोन करण्यापूर्वी एवढं जरूर करून बघा.

भोकांच्या खुणा करायलाही तीच पट्टी उपयोगी. 38 च्या नळीचा परीघ 119.4 मिमी. पट्टीला दोनदा घडी घातली की चार सारखे भाग मिळतात. सेंटर पंच मारताना आत लाकडी दांडा घाला म्हणजे भिंत चेपणार नाही, आणि आधी बारीक ड्रिलनं भोक पाडून मग मोठं करा.

आट्यांबद्दल एक गोष्ट आम्ही आग्रहानं सांगतो. M4 च्या (4 मिमीच्या स्क्रूच्या) आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.7 मिमी आहे. 2 मिमी जाडीच्या भिंतीत तीनही पूर्ण आटे पडत नाहीत, आणि दोन-चार वेळा आवळल्यावर ते झिजतात. "पातळ भिंतीतच टॅप मारून द्या" (आटे पाडून द्या) असं सांगितलं तरी आम्ही आधी नकार देतो, तो यासाठी. भिंत 3 मिमी घ्या किंवा आतून बुश बसवा आणि आटे बुशमध्ये पाडा. बुश आम्ही बनवून देतो, आणि मग त्या सांध्याची जबाबदारीही घेतो.

पातं बसवायचं भोक आम्ही पात्याची नळी मोजल्याशिवाय बोअर करत नाही. पातं म्हणजे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची नळी, आणि एक इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या या नळ्याही थोड्या पुढेमागे असतात. पात्याचा एक छोटा तुकडा पाठवलात तर उत्तम. पातं मुठीत निदान 50 मिमी आत जाऊ द्या, आणि धरायचा स्क्रू गोल टोकाचा किंवा नायलॉनच्या टोकाचा वापरा. पात्याला अ‍ॅसिटोन लावू नका, स्क्रूला आटे धरून ठेवणारं लॉकिंग द्रव्यही लावू नका. दोन्हींनी पॉलिकार्बोनेटला तडे जातात. अ‍ॅसिटोन फक्त चिकटवण्याआधी धातू पुसायला, तेही नळी पॉलिश पेपरनं खरखरीत करून झाल्यावर.

मुठीत लिथियम सेल घालणार असाल तर आमची नळी वीज वाहते हे विसरू नका. 18650 या मापाच्या लिथियम सेलच्या भोवतीचं प्लास्टिकचं आवरण भोकाच्या धारेवर फाटलं तर नळीतूनच शॉर्ट होतं आणि सेल पेट घेऊ शकतो. सेल नुसता कधीही सरकवू नका. होल्डर घ्या, सगळ्या भोकांची बर आतूनही काढा, सेलच्या जागेवर नळीच्या आत प्लास्टिकचं अस्तर द्या. या अस्तराची जाडीही मापात धरायची आहे. सेल 18 मिमीचा असतो, पण होल्डर, वायरी आणि अस्तर धरून आत 25 मिमीपेक्षा कमी जागा असेल तर कामाला त्रास होतो.

मागणी अशी लिहा

"बाहेरची नळी : अ‍ॅल्युमिनियम, बाहेरचा व्यास 38 मिमी, जाडी 2 मिमी, लांबी 280 मिमी. आत सरकणारी नळी : लांबी 90 मिमी, सरकफिट हवी. नंतर अ‍ॅनोडायझिंग करणार. आत 18650 चा होल्डर." एवढं लिहिलंत की आम्हाला काही विचारावं लागत नाही. आतल्या नळीचा व्यास तुम्ही सांगूही नका. ती कशात जाणार आहे ते सांगा, व्यास आम्ही काढतो.

कापण्यापूर्वी आम्ही सगळी मापं लिहून पाठवतो आणि तुमचा होकार आल्यावरच करवत चालवतो. होकारानंतर कापलेली नळी परत घेता येत नाही, कारण 280 मिमीचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसतो. मापाची शंका असेल तर पूर्ण नळीआधी दोन्ही मापांच्या 10 मिमी रुंदीच्या चाचणी कड्या मागवा. त्या एकमेकींत घालून बघा, रंग द्यायचा असेल तर कड्यांवरच देऊन बघा. पुढे पूर्ण मागणी दिलीत तर कड्यांचे पैसे त्यातून वजा होतात.