तेल संपण्याच्या गोष्टी: कुठून आल्या आणि कुठे गेल्या

जानेवारी २०२४ चे पहिले दोन दिवस आठवत असतील. हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक-टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मी पण स्कूटर घेऊन रांगेत होते, टाकी अर्धी भरलेली असूनही. पुढे एक काका गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा घेऊन उभे, पंपावरचा मुलगा म्हणतोय डब्यात देणार नाही, मागून लोक ओरडतायत आधी गाडीवाल्यांना द्या, आणि बघता बघता कॉलर धरण्यापर्यंत गोष्ट गेली. तेल कुठे संपलं नव्हतं हो, डेपोत होतं, फक्त टँकर हलत नव्हता. तेवढ्यावर हे.

नेमकं असंच काहीतरी ऑस्ट्रेलियात जेम्स मॅककॉसलंड नावाच्या पत्रकाराने १९७० च्या दशकात पाहिलं होतं. संपांमुळे पंप कोरडे पडले की साधी नोकरदार माणसं रांगेत घुसणाऱ्याच्या अंगावर कशी धावून जातात ते. पुढे जॉर्ज मिलर या डॉक्टर-दिग्दर्शकाबरोबर त्याने 'मॅड मॅक्स'ची पटकथा लिहिली, सिनेमा १९७९ मध्ये आला, आणि मग १९८१ च्या दुसऱ्या भागात तर सगळी मारामारीच वाळवंटातल्या एका छोट्या तेल शुद्धीकरणाच्या तळासाठी आहे. जगभरच्या लोकांना तेल नसलेलं जग कसं दिसेल याचं पहिलं चित्र डोळ्यासमोर उभं करून दिलं ते या सिनेमाने, कुठल्या अहवालाने नाही. तेल संपण्यावरच्या कादंबऱ्या-सिनेमांबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, म्हणून आधी सांगितली.

कारण अहवाल होतेच की. १९५६ मध्ये शेल कंपनीतले भूगर्भशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला तेलवाल्यांच्याच बैठकीत एक आलेख मांडला, घंटेच्या आकाराचा. म्हणणं साधं होतं. कुठल्याही प्रदेशातलं तेल उत्पादन वाढत जातं, शिखर गाठतं आणि मग उतरणीला लागतं, आणि शिखर येतं तेव्हा जमिनीत जवळपास निम्मं तेल शिल्लक असतं, म्हणजे "संपलं" असं कधी वाटतच नाही, नुसतं पुरेनासं होतं. अमेरिकेचं शिखर १९६५ ते १९७० च्या दरम्यान येईल असं ते म्हणाले, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही, आणि १९७० मध्ये ते आलं. त्याच १९५६ साली फ्रँक हर्बर्टची 'द ड्रॅगन इन द सी' ही कादंबरी पुस्तकरूपात आली. त्यात तेलाला मोताद झालेली पाश्चात्त्य राष्ट्रं पाणबुड्या पाठवून शत्रूच्या हद्दीतलं समुद्राखालचं तेल चोरतात. आलेख आणि कादंबरी एकाच वर्षातले, पण एकमेकांशी ओळख नाही. ती ओळख व्हायला पुढे किती वर्षं गेली बघा.

पहिला धक्का ऑक्टोबर १९७३ चा. अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप (बॅरल) काही महिन्यांत बारापर्यंत गेलं. आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले तो प्रसंग याच काळातला. पण हा धक्का राजकारणाचा होता, जमिनीखालच्या साठ्याचा नव्हता, आणि म्हणून त्यानंतरच्या पुष्कळ थरारकथांमध्ये शेख, हेर आणि कटकारस्थानंच आहेत, त्यात तेल म्हणजे नुसती तिजोरी. साठे आटतायत ही हळू चालणारी गोष्ट थरारकथेत बसवायची कशी हा प्रश्न होताच.

दुसरी लाट आली ती मार्च १९९८ नंतर. कॉलिन कॅम्पबेल आणि जाँ लाहेरेर या तेल उद्योगातच आयुष्य घालवलेल्या दोघांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लिहिलं की स्वस्त तेलाचे दिवस भरत आले, जगाचं शिखर दहाएक वर्षांत येईल. त्या वर्षी तेल इतकं स्वस्त होतं की हे ऐकणार कोण! मग २००४ पासून भाव चढायला लागला, जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरला भिडला, आणि याच तीन-चार वर्षांत एकामागून एक कादंबऱ्या आल्या. जर्मनीत आंद्रेआस एशबाखची 'आउसगेब्रान्ट' आणि ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक्स स्कॅरोची 'लास्ट लाइट' या दोन्ही २००७ च्या, अमेरिकेत जेम्स हॉवर्ड कन्सलरची 'वर्ल्ड मेड बाय हँड' २००८ ची.

'लास्ट लाइट'मध्ये तेलाचा पुरवठा एकदम तुटतो आणि ब्रिटन आठवडाभरात कोसळतं. अतिशयोक्ती म्हणाल, पण सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या शेतकरी आणि ट्रकवाल्यांनी डिझेलच्या करांवरून रिफायनऱ्यांची दारं अडवली होती तेव्हा चार-पाच दिवसांत देशभरचे पंप कोरडे पडायला लागले होते आणि दुकानांत पाव-दुधाची टंचाई सुरू झाली होती, म्हणजे वाचकाच्या अंगावरून ते एकदा गेलेलं होतं. कन्सलरचं वेगळं. त्याने आधी २००५ मध्ये 'द लाँग इमर्जन्सी' हे वैचारिक पुस्तक लिहिलं आणि मग तेच कथेत आणलं. न्यूयॉर्क राज्यातलं एक गाव, सॉफ्टवेअर कंपनीतला जुना अधिकारी आता सुतारकाम करतोय, आणि गावाबाहेरच्या जुन्या डंपिंग ग्राउंडमधून खिळे, पत्रे, कड्याकोयंडे उकरून विकण्याचा धंदा एक टोळी करतेय. आपण फेकलेला कचरा ही पुढच्यांची खाण, हे त्या एका जागेवरून जे कळतं ते शंभर पानांच्या अहवालातून कळणार नाही. बायकांची पात्रं मात्र त्यात फार मागे ढकललीत, तेल गेलं की बाई परत चुलीपाशीच का, ते मला अजिबात पटलेलं नाही.

पण या सगळ्यात मला मनापासून आवडलेला प्रयोग कादंबरीचा नाहीच. २००७ मध्ये ३० एप्रिलपासून अमेरिकेत 'वर्ल्ड विदाउट ऑइल' नावाचा एक खेळ चालवला गेला, केन एकलंड यांची कल्पना, जेन मॅकगोनिगल सोबत, आणि सार्वजनिक टीव्हीशी जोडलेल्या संस्थेचं पाठबळ. खेळ ३२ दिवसांचा, एक दिवस म्हणजे तेलटंचाईचा एक आठवडा. चालवणारे फक्त सांगायचे की आज पेट्रोल इतक्याला झालं, अमुक ठिकाणी मिळत नाहीये. बाकी गोष्ट खेळणाऱ्यांनी रचायची, आपापल्या गावात, आपापल्या नावाने, जणू हे खरंच चाललंय असं समजून रोजनिशी, फोटो, व्हिडिओ, फोनवरचे निरोप पाठवायचे. पंधराशेहून जास्त नोंदी जमल्या. विचार करा, तुम्हाला कुणी सांगितलं की आजपासून पेट्रोल तिप्पट, आता तुझ्या घरी उद्या सकाळी काय होईल ते लिही. दूधवाला येईल का, शाळेची व्हॅन येईल का, आईचं डायलिसिस कुठे आणि तिथे जायचं कसं. हे लिहिताना माणूस जे शिकतो ते कायमचं, कारण उत्तर त्याचं त्यानेच शोधलेलं असतं.

मग हे सगळं का ओसरलं? तर भाव पडला म्हणून. २००८ च्या शेवटी तेल चाळीस डॉलरच्या खाली गेलं. सौदीचं तेल आटतंय असं पुस्तक लिहिणाऱ्या मॅथ्यू सिमन्सने न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन टिअर्नीशी पाच हजार डॉलरची पैज लावली होती की २०१० ची सरासरी दोनशेच्या वर जाईल, ती तो हरला. पुढे शेल नावाच्या थराथरांच्या खडकातून (शेल कंपनीशी या नावाचा संबंध नाही) तेल निघायला लागलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा उच्चांक मोडला. लोकांनी निष्कर्ष काढला की तेलाची भीती खोटी होती. खरं तर शेलच्या विहिरी दोन-तीन वर्षांतच झपाट्याने उतरतात, सतत नव्या खोदाव्या लागतात, आणि सौदीच्या घवार या जगातल्या सगळ्यात मोठ्या क्षेत्राची क्षमता दिवसाला ३८ लाख पिंपं आहे, लोक पन्नास लाख धरून चालले होते, हे आरामको या सौदीच्या सरकारी तेल कंपनीने २०१९ मध्ये कर्जरोख्यांच्या कागदपत्रात स्वतःच लिहिलं. पण तोवर ऐकणारे उठून गेले होते. तारीख सांगणाऱ्या गोष्टींचं हे असं होतं, तारीख टळली की गोष्टही गेली. कन्सलरचा तो कचऱ्याचा ढीग मात्र अजून डोक्यात आहे.

तेलाचं साहित्य इतकं कमी का, हा प्रश्न अमिताव घोष यांनी १९९२ मध्येच विचारला होता, अब्दुर्रहमान मुनीफ या अरबी लेखकाच्या तेलावरच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना. मसाल्याच्या व्यापाराला लुसियाद हे पोर्तुगीज महाकाव्य मिळालं, तेलाला काय मिळालं? ते महाकाव्य लिहिणारा कामोइंश गोव्यात राहून गेलेला, आणि तेलासाठी आखातात गेलेली माणसं रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतली, म्हणजे दोन्ही टोकं आपल्याच किनाऱ्यावर आहेत. मुनीफ स्वतः तेलाचे अर्थतज्ज्ञ, सौदीने नागरिकत्व काढून घेतलेले.

मराठीत गिरीश कुबेरांनी 'हा तेल नावाचा इतिहास आहे' लिहून हा विषय घराघरात नेला, गोष्टीसारखा वाचला जाणारा, पण तो इतिहास आहे. गोष्टीतून विज्ञान सांगायची वाट तर आपल्याकडे जुनीच. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने 'कृष्णविवर' कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्याच १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल सापडलं, तेच मुंबई हाय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई हायचं शिखर येऊन गेलं, हबर्टच्या आलेखासारखंच. जुहूवरून हेलिकॉप्टरने जायचं, चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस घरी, असं आयुष्य काढलेली माणसं आपल्या आजूबाजूला राहतात, खालून येणाऱ्या तेलात पाणी वाढत चाललेलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यांच्या घरातली कादंबरी मला वाचायचीय.