खुडूक कोंबडी : सामाईक टोपल्यातील व्यवस्थापन

खुडूक कोंबडी : अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी. अशा कोंबडीच्या टोपल्यात इतर कोंबड्याही रोज अंडी घालत असतील, तर अंड्यांच्या तारखांची सरमिसळ होते. ही सरमिसळ टाळणे हाच या व्यवस्थापनाचा गाभा आहे. नागपूर जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांना स्वतंत्र पेटी क्वचितच मिळते. संत्र्याचा रिकामा लाकडी खोका किंवा बांबूचे टोपले, त्यात मौदा-कुहीकडे धानाचे तणस, इतरत्र गव्हाचे कुटार, एवढ्यावर चार-पाच कोंबड्यांचे भागते. शेजारचे टोपले मोकळे असले तरी कोंबडी जिथे आधीच अंडी दिसतात तिथेच घुसते, मग त्यावर दुसरी बसलेली का असेना.

खुडूक कोंबडी ओळखायला कठीण नाही. ती पिसे फुगवून टोपल्याला चिकटून बसते, हात नेला की चोच मारते, तिचा तुरा फिका पडतो आणि आवाज घोगरा, तुटक होतो. दिवसातून एकदा, १५ ते ३० मिनिटे, ती दाणापाण्याला उठते आणि तेव्हाच एक मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. पोटाची पिसे उपटून ती उघडी कातडी अंड्यांना लावते. हे सारे मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे घडते. गावरान आणि असील कोंबड्यांत हा गुण पक्का असतो. व्हाइट लेगहॉर्नमध्ये अंड्यांसाठी केलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने तो जवळपास नाहीसा झाला आहे. कडकनाथची मादी चिकाटीने बसेलच असे नाही, म्हणून तिची अंडीही बहुधा गावरान कोंबडीखाली ठेवतात.

एकटी कोंबडी रोजचे एक याप्रमाणे दहा-बारा अंडी साठवते आणि साठा पुरा झाल्यावरच ठाण मांडून बसते. तोवर अंड्यांतली वाढ थांबलेली असते. त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात दहा दिवसांचे अंतर असूनही सगळी पिले २१व्या दिवसाच्या आगेमागे एकदमच निघतात. सामाईक टोपल्यात नेमका हाच मेळ बिघडतो. पहिली बसल्यावर दुसरीने पाचव्या दिवशी घातलेले अंडे २६व्या दिवशी फुटायचे, पण आई तोवर थांबत नाही. पहिली पिले वाळली, पायांवर उभी राहिली, की एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठते. मागे राहिलेल्या अंड्यांत पूर्ण वाढलेली पिले थंडीने मरतात. शिवाय अंडी पंधराच्या वर गेली की सगळ्यांना ऊब पुरत नाही, कडेची गार राहतात. दाटीत एखादे फुटले की त्याचा बलक इतरांना लागून कवचाची छिद्रे बुजतात.

उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. बसवायची १० ते १२ अंडी एकाच दिवशी ठेवावीत आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने भोवताली रेघ ओढावी. शाई नको, ती कवचातून आत झिरपते. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात, म्हणून दुपारी कोंबडीखाली हात घालून बिनरेघेची अंडी काढून घ्यावीत. ही खायला चालतात. तीन-चार दिवस खाली राहिलेली चालत नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरले तर जिवंत अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. आरपार स्वच्छ दिसेल ते वांझ, ते काढून टाकावे.

याहून बरे म्हणजे कोंबडीच हलवणे. दिवसा हलवली तर ती धावत जुन्या जागी परतते आणि रिकाम्या खोक्यावरही बसते. अंधार पडल्यावर अलगद उचलून, खाली दोन खोटी अंडी ठेवलेल्या नव्या टोपल्यात ठेवावी व वरून डालगे झाकावे. दोन दिवस बसून राहिली तरच खरी अंडी द्यावीत. टोपल्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालतात तो पिसवांसाठी. पिसवा झाल्या तर कितीही चिवट कोंबडी अंडी सोडून देते.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कोंबडी बसवूच नये हे उत्तम. उबेला सुमारे ३७.५ अंश लागतात, पण तापलेल्या पत्र्याखाली कोणी न बसताही अंड्यांत अर्धवट वाढ सुरू होते आणि गर्भ मरतो. बसवायचीच असेल तर मातीच्या भिंतीच्या खोलीत, तणसाखाली ओल्या वाळूचा थर देऊन बसवावी. घरातल्या कूलरच्या थेट झोतात टोपले ठेवण्याचा मोह आवरावा.

पिले नको असतील तर खुडूकपण मोडावे लागते. पाण्यात बुडवणे, नाकात पीस ओवणे हे गावठी उपाय कोंबडीला छळण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच टांगून, दाणापाणी देऊन तीन ते पाच दिवस ठेवल्यास पोटाखाली वारा खेळतो आणि ती शुद्धीवर येते. अंडी मात्र आणखी दोन-तीन आठवड्यांनीच सुरू होतात.

दोघी एकाच टोपल्यात खुडूक झाल्या आणि एकाच दिवशी बसल्या, तर त्या कधीकधी गुण्यागोविंदाने पिले वाढवतात. बसण्याच्या तारखा वेगळ्या असतील तर आधीच वेगळ्या कराव्यात. एवढे करूनही उशिराचे अंडे मागे राहिलेच, तर ते कानाशी धरावे. आतून टकटक किंवा बारीक चिवचिव आली तर ते दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवावे, तीही नसेल तर फडक्यात गुंडाळून बल्बच्या उबेला ठेवावे. निघालेले पिल्लू वाळले की रात्री आईच्या पंखाखाली सोडतात. अंधारात ती बहुधा त्याला आपलेच मानते.