संशोधन आढावा (आरोग्य व समाजसेवा)

एखाद्या प्रश्नावर आजवर झालेल्या सगळ्या स्टडी हुडकून, चाळून, एकत्र मांडून जो निष्कर्ष काढतात तो संशोधन आढावा, डॉक्टर लोक त्याला सिस्टेमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. रावेर-यावलचा शेतकरीही केळीचा भाव एकाच व्यापाऱ्याला विचारून माल तोडत नाही, तसंच हे. हाताला लागले ते चार पेपर वाचून मत ठोकलं तर तो आढावा नव्हे, कुठे शोधलं, काय घेतलं, काय टाकलं आणि का टाकलं हे सगळं लिहावं लागतं. ज्या स्टडीत फायदा दिसला नाही त्या बऱ्याचदा छापूनच येत नाहीत, त्या शोधणं हीच खरी डोकेदुखी.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांच्या नावाने 1993 मध्ये या कामाची संस्था निघाली. तिच्या लोगोतल्या आडव्या रेघा (एकेक रेघ म्हणजे एकेका स्टडीचा निकाल) एका जुन्या रिव्ह्यूच्या आहेत: बाई दिवस भरायच्या आधीच बाळंत होणार असेल तर तिला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने बाळ वाचायची शक्यता वाढते. पहिली ट्रायल, म्हणजे पेशंटवर घेतलेली चाचणी, 1972 ची, पण सगळ्या एकत्र मांडून होईपर्यंत कित्येक वर्षं गेली, तोवर बरेच डॉक्टर ते देतच नव्हते. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. तेच इंजेक्शन भारतासह सहा देशांत गावपातळीपर्यंत नेलं, तर एकूण बाळं उलट जास्त दगावली, असं 2015 ला छापून आलं. मग 2020 च्या ट्रायलमध्ये, जिथे सोनोग्राफीने गरोदरपणाचे आठवडे नक्की केले आणि बाळाची सोय असलेली हॉस्पिटलं निवडली, तिथे परत फायदा दिसला. म्हणजे नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावला रिव्ह्यू वापरायचा तर आधी सोनोग्राफी आहे का ते बघा!

आशाताईंच्या घरभेटींचंही असंच. गडचिरोलीच्या डॉ. बंग दांपत्याचं घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम 1999 ला छापून आलं, इतर देशांतल्या ट्रायलही जमा झाल्या आणि 2011 पासून देशभर आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, मिनिटाला श्वास मोजतात, 60 किंवा जास्त भरले की पुढे पाठवतात. पण नंदुरबारच्या पाड्यांवरून कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बाळंतीणही सोबत, मग उरलेल्या भेटी कोण करणार? अशी माहिती रिव्ह्यूत क्वचितच असते, ती आशाताईच्या वहीत आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) रजिस्टरमध्ये असते, तालुक्याचा प्लॅन करताना दोन्ही शेजारी ठेवून वाचावं लागतं.