वारेतलं प्रथिन आणि ‘कमी दिवसांचं’ बाळ

सावंतवाडी-कणकवलीकडे बाळ पेटीत ठेवलंय म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सातव्यातलं की आठव्यातलं? सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, ही जुनी समजूत चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा सहसा बाळाच्या पथ्यावरच पडतो. पण निदान ती समजूत महिने तरी मोजत होती. वैद्यकशास्त्र बराच काळ तेही करत नव्हतं.

१९६१ पर्यंत जागतिक व्याख्येत अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाचं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ, असा सरळ हिशेब होता. त्या वर्षी तज्ज्ञांनी ‘कमी वजनाचं’ असा वेगळा शब्द सुचवला आणि ‘कमी दिवसांचं’ हे ३७ आठवड्यांच्या मोजणीवर सोडलं. फोड कागदावर झाली. प्रत्यक्षात वजनकाटा सगळीकडे असतो, आठवडे मात्र आईच्या आठवणीत. ‘पाळी शिमग्याच्या आसपास चुकली’ एवढ्यावर तारीख काढायची, तर दोन-तीन आठवडे सहज इकडेतिकडे होतात.

माझ्या मते खरी गुंतागुंत याच्याही पुढे आहे. कमी दिवसांची बाळंही दोन जातींची. एक, कळा किंवा पाणमोट फुटून आपणहून आलेलं. दुसरं, आईचं बीपी चढलं, लघवीत प्रथिन जाऊ लागलं, बाळाची वाढ थांबली म्हणून डॉक्टरांनी सिझर करून किंवा कळा आणून बाहेर काढलेलं. नोंदवहीत दोन्ही एकाच रकान्यात. वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या, प्रथिनाची गोष्ट मुख्यतः या दुसऱ्याची आहे.

हे प्रथिन १९९१ मध्ये इटलीत मानवी वारेच्या जनुकीय साठ्यात सापडलं, म्हणून नाव पडलं ‘प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर’, वारेचा वाढ-घटक. नाव फसवं आहे. वार मोठी करणं हे त्याचं काम नव्हे. ते रक्तवाहिन्यांच्या वाढीला मदत करतं आणि शरीरात इतरत्रही तयार होतं. २००३ मध्ये दिसलं, की बिघडलेली वार एक विरोधी प्रथिन रक्तात जास्त सोडते आणि ते या वाढ-घटकाला पकडून ठेवतं. गाभण उंदरिणींना ते विरोधी प्रथिन दिल्यावर त्यांचं बीपी चढलं, लघवीत प्रथिन आलं. पुढच्याच वर्षी कळलं, की असा त्रास (प्री-एक्लॅम्प्सिया) पुढे होणाऱ्या बायकांच्या रक्तात वाढ-घटक तेराव्या ते सोळाव्या आठवड्यापासूनच कमी असतो.

मग आकड्यांचं युग आलं. २०१६ च्या अभ्यासात विरोधी प्रथिन आणि वाढ-घटकाचं गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर पुढचा आठवडा तो त्रास जवळजवळ नक्कीच होत नाही, असं निघालं. उलट बाजूने, म्हणजे ३८ च्या वर गेल्यावर त्रास होईलच असं सांगायला, आकडा इतका खात्रीचा नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत वाढ-घटक तपासल्याने निदानाचा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. आयांची गंभीर गुंतागुंत घटली. बाळांच्या निकालात स्पष्ट फरक दिसला नाही.

वाढ-घटकाला बाळाच्या मेंदूशी जोडणारा धागा अजून कच्चा आहे. हा घटक नसलेल्या उंदरांत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घडण बिघडलेली आढळली. माणसात मात्र कमी आकड्यामागे दोन गोष्टी एकत्र येतात: आधी वारेतून तुटपुंजा पुरवठा, मग लवकर जन्म. त्यातून २४ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यातल्या अर्धवट वाढलेल्या पेशी सर्वात नाजूक असतात आणि आतल्या पातळ रक्तवाहिन्या फुटू शकतात. कुठल्या गोष्टीने किती नुकसान केलं, हे वेगळं काढणं कठीण.

म्हणून दोन दिवस आधी कळण्याला किंमत आहे. फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी द्यावी लागतात. मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम प्रसूतीआधी चढवावं लागतं. पुढे पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन आरोग्यसेविकेनेही द्यावं, अशी सूचना आपल्याकडे २०१४ पासून आहे. गोव्यात बांबोळीच्या किंवा घाट चढून कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात निघालेल्या बाईला ते मिळालं का, हे तिच्या हातातल्या कार्डावर लिहिलेलं असतं. आठवडेही तिथेच लिहिलेले असतात आणि वाढ-घटकाचा आकडा त्यांच्याशी ताडूनच वाचावा लागतो. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झाली नसेल, तर ते आठवडे शिमग्यावरूनच काढलेले.