पार्श्वभूमी: बुरशीला पुरून उरलेली वटवाघळे

'व्हाइट नोज' या रोगाचा उत्तर अमेरिकेतला पहिला पुरावा म्हणजे फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत काढलेला फोटो. त्यात वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसते. ही बुरशी युरोप-आशियात आधीपासून आहे, पण तिथे थवेच्या थवे मरत नाहीत. बहुधा माणसांच्याच बुटांवरून, सामानावरून ती समुद्रापार गेली आणि २०१६ पर्यंत पश्चिम टोकाच्या वॉशिंग्टन राज्यात पोचली. रोग पोचलेल्या भागांत तीन जातींची ९० टक्क्यांहून अधिक वटवाघळे गेली.

शीतनिद्रेत वटवाघळाचे अंग गुहेइतके गार पडते आणि रोगाशी लढणारी यंत्रणा मंदावते. बुरशीला अशीच थंडी मानवते, २० अंशांच्या वर ती वाढत नाही. ती पंखांच्या पातळ कातडीत शिरते. अंगातले पाणी घटते, झोप वारंवार मोडते आणि दर जागेपणी साठवलेली चरबी जळते. भर हिवाळ्यात शिदोरी संपते तेव्हा बाहेर एक किडाही मिळत नाही.

तरीही न्यूयॉर्क, व्हरमाँटकडच्या काही गुहांत 'लहान तपकिरी' या जातीची वटवाघळे टिकली. त्यांच्यात 'प्रतिकारशक्ती आली' असे सरसकट लिहिले जाते, आणि घोळ इथेच होतो. प्रतिकार म्हणजे अंगावर बुरशी वाढू न देणे. सोसणे वेगळे: बुरशी अंगावर असते, पण प्राणी तग धरतो. टिकलेल्या काही थव्यांत बुरशी खरोखर कमी आढळली, म्हणजे प्रतिकाराला आधार आहे. पण काही ठिकाणी हिवाळ्याच्या तोंडावर वटवाघळे पूर्वीपेक्षा लठ्ठ झालेली दिसली. रोग होऊनही त्यांना वसंतापर्यंत पुरेल इतकी चरबी होती. शिवाय शरीर जोरात लढले की फायदाच होतो, असेही नाही. जागे झाल्यावर उसळलेल्या दाहाने पंखांची हानी वाढू शकते. युरोपातल्या वटवाघळांचे शरीर या बुरशीला फारसे उत्तरच देत नाही, हे मला जास्त बोलके वाटते.

शब्दाचा हा वाद कोरडा नाही, कारण उपाय त्यावरच ठरतो. केवळ प्रतिकार धरला तर लस आणि बुरशीनाशकावर भर येतो. सोसण्याला महत्त्व दिले तर शरद ऋतूतले खाद्य आणि चरबी कमी जळेल अशा जास्त थंड गुहा जपाव्या लागतात. अलीकडे गुहांच्या तोंडाजवळ दिवे लावून किडे जमवण्याचा प्रयोग झाला तो याच विचारातून. लहान तपकिरी जातीच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होते, त्यामुळे वाचलेली प्रत्येक मादी मोलाची आहे.